पेला

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी,
तापीवरची थंडी घोड्यांच्या नाकातून
वाफ होऊन निघत होती, तेव्हा
मी शर्टाच्या आत कमरेचा पट्टा आवळला,
धुळ्याच्या डॉक्टरने दिलेला,
आणि वरून जाकीट घातलं, कुणाला दिसू नये म्हणून.
कुणाला दिसलं नाही.
सुपारीला कळलं.

रिकिबीत पाय ठेवला तेव्हाच
तिने एक कान माझ्याकडे वळवला,
दुसरा इंदूरच्या पार्टीकडे.

रेवाल चालीची परीक्षा साधी असते.
स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पेला,
घोडी पळते, पाणी हलत नाही.
सहा वर्षं हललं नव्हतं.
लोक म्हणायचे, घोडीची पाठ म्हणजे पाट.
मीही तेच म्हणायचो.
माझ्या पाठीचा हिशेब कुणी धरलाच नव्हता:
खालचा चौथा मणका, त्याच्याखालची ती गादी,
जी एकेका टापेचा धक्का गिळत राहिली,
हूं की चूं न करता,
गेल्या आषाढापर्यंत.

आज तीस पावलांत अर्धं पाणी बाहीत गेलं.
दुसऱ्या फेरीत सुपारी चालच विसरली.
आधी दुडकी,
मग नुसतं पाय ओढणं,
मग उभी.
इंदूरवाला मोबाइल बघायला लागला.

नथूचाचा पिंजारी कडब्याच्या पेंढीवर बसले होते.
मी आठवीत असताना यांनीच मला
पहिल्यांदा घोड्यावर फेकलं होतं, पोतं फेकावं तसं.
म्हणाले, ‘घोडी वाकडी नही. तू वाकडा बठेल शे.’
मी म्हटलं, कंबर गेली, चाचा.
‘कंबर त मनी बी गयी रे आंडोर.
दम कोठे दाबी ठेवना तू?’

खरंच की.
श्वास सोडलाच नव्हता मी.
डॉक्टर म्हणाला, घोडं बंद, तेव्हापासून?
की घरी सगळ्यांसमोर मी ‘विकू’ म्हटलं तेव्हापासून?
काल रात्री तिच्या अंगावर झूल टाकली,
तिला मात्र काही बोललो नाही.

आणि आज वर बसून
टाच म्हणत होती, चल.
मांडी म्हणत होती, नको.
लगाम म्हणत होता, दाखव यांना तू कोण आहेस.
कोपर म्हणत होतं, बाई, नीट चालू नकोस,
नीट चाललीस तर संध्याकाळी ट्रकमध्ये असशील.
इतक्या तोंडांनी एकदम बोलणाऱ्या माणसाला
जनावराने काय उत्तर द्यावं?
तिने थांबून दिलं.

उतरलो. उतरायला वेळ लागला.
उजवा पाय जमिनीवर पोचला,
पण पोचल्याचं मला उशिरा समजलं.

चाचांची नात आसमा, नऊ वर्षांची,
शेव-मुरमुऱ्यांचा पुडा दातांत धरून वर चढली.
पेला पुन्हा भरला कुणीतरी.
तिने लगाम धरला होता का? धरला असेल.
डोळे लांब, आकाशपाळण्याकडे.
वजन कळशीएवढं, आणि तेही सावरलेलं नव्हतं,
नुसतं ठेवून दिलेलं.

सुपारी निघाली.

सहा वर्षं मी त्या चालीवर बसलो,
बसलेल्याला चाल दिसत नाही.
आज बांबूच्या कठड्याला टेकून पहिल्यांदा पाहिली:
चार टापा, चारही वेगळ्या वेळी,
आई सुपात ज्वारी पाखडायची तशी,
सगळं हलतंय आणि सांडत काहीच नाही.
कान उभे, टोकांना टोकं भिडलेली.
शेपटी जरा कलती, ते मला माहीतच नव्हतं.

मी श्वास सोडला.
पट्ट्याचं वेल्क्रो करकरलं.
सुपारीने त्या तिकडून, पळता पळता,
एक कान वळवला.

आसमाने पेला माझ्या हातात दिला. भरलेला.
इंदूरवाला जवळ येऊन उभा राहिला,
खिशात फोन ठेवत म्हणाला, बोला, किती?
चाचा माझ्याकडे पाहत नव्हते.
मला तहान लागली होती, सकाळपासून.
मी पाणी पिऊ लागलो,
सावकाश,
तळापर्यंत.