प्रत

कोल्हापुरात, मार्केट यार्डात
गुळाची प्रत लावतो मी.
रव्याचा कोपरा नखानं उकरायचा,
उजेडाला धरायचा, जिभेवर ठेवायचा,
आणि सौदा सुरू व्हायच्या आत सांगायचं:
एक नंबर, दोन नंबर, तीन.
चोवीस वर्षं झाली.
चुकलोही असेन, भांडायला कुणी आलं नाही.

इंद्रजित साडेतीन वर्षांचा असताना
मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलं, पीडीडी,
पुढं बारीक अक्षरात: अन्यत्र न बसणारा.
हिनं विचारलं, मग बसवायचा कुठं हो?
सातव्या वर्षी तो अ‍ॅस्पर्जर झाला.
ते नाव मला बरं वाटलं,
साहेबाचं असावं तसं,
चार पाहुण्यांत सांगता यायचं.
मग त्या लोकांचं पुस्तक नव्यानं निघालं,
सगळे कप्पे मोडून एकच लांब फळी केली,
आणि शिरगावकर बाई म्हणाल्या,
आता सगळं स्पेक्ट्रम. ह्याची लेव्हल दोन.

दोन नंबर, मी मनात म्हटलं,
आणि जीभ चावली.
बाईंनी समजावलं, हा पोराचा नंबर नव्हे,
त्याला आधार किती लागणार, त्याचा.
घरी येऊन हे मी तीनदा सांगितलं,
हिला एकदा, मला दोनदा.

नाव बदललं त्या त्या दिवशी
त्यानं आदल्या दिवसासारखंच केलं:
भाकरी आमटीपासून चार बोटं लांब,
हॉर्न वाजला की स्वतःच्या मनगटाला दात,
आणि संध्याकाळी केएमटीच्या थांब्यावर
शेवटची बस जाईपर्यंत उभं राहणं,
कुठल्याही बसमध्ये न चढता.

काल सीपीआरच्या खिडकीवर
दाखल्याच्या तीन प्रती दिल्या.
कारकून म्हणाला, दोन कागदांवर दोन नावं,
नेमका आजार कोणता धरू?
आजार नव्हे, म्हणालो.
पुढचं सुचलं नाही.
त्यानं नवं धरलं, शिक्का मारला.
पास मिळणार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज दुपारी यार्डात शुकशुकाट,
त्याला बरोबर आणलं.
त्यानं एकतीस रवे एका ओळीत मांडले,
रंग बघितला नाही, चाखला नाही;
पिवळ्याधमकाशेजारी काळपट,
त्याच्या पुढं फुटका.
कशावरून लावलेस रे?
लई वेळानं म्हणाला, मंगळवार.

पावत्या गल्ल्यातच होत्या.
मी काढल्या नाहीत.
पिराजी हमाल रवे उचलायला वाकला,
म्हटलं, थांब जरा.