मंगळवार, चार वाजून दहा

पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड.
मी तो किलु माशांच्या रिकाम्या डब्यात बसवला,
झाकणाला भोकं पाडली, वारा लागावा म्हणून.
उन्हाळ्यात अजून वास येतो, असं झोया म्हणते.

एकाच कार्डावर दोन संसार:
माझा एस्टोनियन, रेडिओच्या नोंदींचा;
तिचा रशियन, लोकरीचे हिशेब आणि बुद्धिबळ.
वीज दिली की काळ्या पडद्यावर दोन ओळी,
आणि उलटी मोजणी, दहापासून.
कुणी बोट लावलं नाही, तर मी.
यावरून एका हिवाळ्यात
नार्वात चार दिवस अबोला होता.

एक जागा असला की दुसरा नुसती जागा अडवतो:
इतके गिगाबाइट, अनोळखी.

गुडघ्यासाठी तिला तार्तूला नेलं.
आज रात्री मोजणी तीनवर आली
आणि माझं बोट खालच्या बाणावर गेलं.
नदीचा फोटो, पलीकडच्या किल्ल्यासकट.
अर्धा डाव, पांढरा घोडा कोंडलेला.
कोपऱ्यात: मंगळवार, चार वाजून दहा.

या बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही.
जो ज्या वेळी मिटला
ती वेळ उशाशी घेऊन झोपतो,
उठला की तिथूनच मोजू लागतो,
नेटची तार जोडेपर्यंत.

चार दहाला तिनं हे बंद केलं.
मग बूट चढवताना मला हाक मारली असेल.
मी हेडफोन लावून
कुठल्याशा जहाजाची खरखर ऐकत होतो.

तार माझ्या हातात आहे.
खाचेत टक् झालं की शुक्रवार.
आधी चहा ठेवतो.

चार अकरा.