सेक्टर पंधरा, गाळा नंबर चार

दहावीला गणितात मला एकोणचाळीस.
तरी कोपरखैरण्यातले निम्मे क्लासवाले
समीकरणं माझ्याकडेच टाकतात.

वर्गमूळाचं छप्पर
आत जेवढे पाहुणे तेवढं आपोआप लांबतं,
अंश वाढला की छेदावरची रेघही.
हे मला कळतं. उत्तर नाही कळत.

डोईफोडे सरांची वही: खाकी कव्हर,
उणे चिन्हं कागदाच्या सुरकुत्यांत मिसळलेली.
पान एकशे सात.
दोन ओळी बरोबरच्या चिन्हाखाली रांगेत लावल्या
आणि दिसलं,
वरचं उणे खाली उतरलेलंच नाही.

फोन केला.
"तू टाईप कर गं, तुला काय त्यातलं!"

तासाभराने स्वतःच आले, तीन टाकीवरून चालत.
चष्मा स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"बत्तीस वर्षं असंच शिकवलं.
अक्षर वाईट, म्हणून निभावलं."

पाणी दिलं, प्याले नाहीत.
मी कर्सर नेला, उणे दाबलं,
पुढचं सगळं
केसभर उजवीकडे सरकलं.

एकशे सातचे पैसे मी लावले नव्हते.
त्यांनी बिल हातात घेऊन
बेरीज पुन्हा केली.
बरोबर केली.