ट्यूज्डे

डंडी. रात्रपाळी. सहा नंबरच्या खाटेवर मिसेस गुर्ले.
आडनाव ऐकून पहिल्यांदा वाटलं, चंदगडकडच्या कुणी असतील.
वय एक्क्याऐंशी. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी,
उजवा हात पांघरुणावर
दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

शब्द एकच उरलाय: ट्यूज्डे.

उशी ट्यूज्डे. पाणी ट्यूज्डे, जे आम्ही देत नाही,
नुसता ओला स्पंज ओठांवरून फिरवतो.
दोन बस बदलून आरब्रोथहून येणारा मुलगा ट्यूज्डे.
अंथरूण ओलं झालं, तेही ट्यूज्डे,
पण हळू, मान भिंतीकडे वळवून.

दर दोन तासांनी मी टॉर्च घेऊन जाते.
डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दचकतात का बघते.
माझी बोटं दाबा. सोडा.
तुम्ही कुठं आहात? आज वार कोणता?
सहा रात्री मी एकच आकडा लिहिला:
शब्द येतात, जुळत नाहीत. तीन.

सातव्या रात्री खरोखरच मंगळवार होता.
ती म्हणाली, आणि माझं पेन थांबलं.
तक्त्यात योगायोगाला रकाना नाही.
तीनच लिहिले.
घरी जाऊन झोपले तरी ते तीन
बुटातल्या खड्यासारखे.

दिवसपाळीची नोंद: रुग्ण अस्वस्थ.
डाव्या हाताने सतत पांघरूण उसवते.
हाताला मिटन बांधावेत का, विचार व्हावा.

मुलगा ॲलिस्टर, ओला कोट मांडीवर घेऊन बसलेला.
म्हणाला, आई तागाच्या गिरणीत होती, चोवीस वर्षं.
मागांच्या गदारोळात कुणाला कुणाचं ऐकू जायचं नाही,
बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या.
कान तर तिचे कधीच गेलेत.
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

मी इचलकरंजीची.
आमचे दादा जेवतानाही आईच्या तोंडाकडे बघत,
आणि ती भाकरी थापता थापता
आवाज न काढता विचारी, मीठ?
बारा तास यंत्रमागावर उभं राहिलेल्या माणसाशी
असंच बोलतात,
मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी.

वॉर्डात खोकल्याची साथ, मास्क सक्तीचा.
त्या रात्री मी तो हनुवटीखाली ओढला
आणि नुसत्या ओठांनी विचारलं: दुखतंय?
तिची नजर माझ्या तोंडावर येऊन बसली.
ट्यूज्डे आलं नाही.
मान हलली. नाही.

मग मी तिचा हात बघितला. नीट. पहिल्यांदा.
पांघरुणाचा सुटलेला दोरा,
त्यावर अंगठा, त्यावर तर्जनी, एक वळसा,
आणि पुढे काही नाही, परत पहिल्यापासून.
उसवत नव्हती बाई. तुटलेला धागा जोडत होती.
ही गाठ दादा डोळे मिटून मारत.
एका हाताने ती बसत नाही.

दुसरं टोक मी धरलं.
तिनं माझ्या बोटावर चापट मारली: असं नाही.
उलटं धरलं. पुन्हा चापट.
आठ रात्री मी हिला तपासत होते;
आता ती मला, आणि मी नापास होत होते.
तिसऱ्यांदा गाठ बसली.
तिनं ओढून बघितली,
जॉबर बघतो तशी, कौतुक न करता.

सकाळी पाळी देताना मी वाचून दाखवलं:
सहा नंबर. अस्वस्थ नाहीत, मिटन नकोत.
बहिऱ्या आहेत. तोंड दिसेल असं उभं राहा.
गिळण्याची चाचणी दहाला.
उजवा हात अजून शून्य.

सातला पांघरूण धुवायला गेलं, गाठीसकट.

निघताना तिनं माझी बाही धरली.
ट्यूज्डे?
माझी पुढची पाळी शनिवारी.
मास्क खाली ओढून तसं सांगितलं.
तिनं ओठ वाचले,
आणि बाही लगेच सोडली नाही.