सहावा तारा

शोनाईच्या कोठारात ताडपत्रीखाली जुनी गाडी.
रंग कधीकाळी हिरवा असावा.
इनोमाता म्हणतात, ढकलू नका हिला,
उठेल आपली आपण.

विमानं घडवणारे हात युद्ध हरले,
पोटासाठी स्कूटर जोडू लागले, पुढे मोटारी.
वाटण्या झालेले पाच भाऊ
सहाव्याच्या घरात पुन्हा नांदायला आले
आणि नाव आभाळातून उतरवलं: सुबारू.
आपल्या कृत्तिका. त्यांच्याकडे त्याचा अर्थ
एकत्र येणं असाही होतो.

इनोमाता वीज कंपनीचे लाइनमन.
बर्फात तार तुटली की उघड्या जीपमधून जायचं,
खांबापाशी पोचेतो बोटं लाकडाची.
मग ही आली.
घाटात पुढची दोन चाकं घसरली
की मागची दोन रेटा देत, न सांगता.
आत ऊब. पायमोजे वाळत,
पिशवीतल्या मुळ्याच्या लोणच्याला वास सुटे.
सुंदर? छे. डबा होता हो, डबा.
पण घरी आणायचा.

काल सेंदाईहून एक पोरगा आला, कानात बाळी,
नोटा मोजून आणलेल्या.
इनोमातांनी त्याला अंगणात नेलं.
"वर बघ. किती दिसतात?"
"सहा."
"मला आता नुसता धूर दिसतो."

मग वाकून, जाळीवरचं हिम पुसत
ते बोटानं बिल्ला चाचपू लागले.
एक मोठा. चार बारके.
सहाव्याच्या जागी टवका उडालेला.

तेवढ्या एका ताऱ्याचे पैसे
त्यांनी परत केले.