निशाणी चार

आधी ओळखला तो जिभेनं.
वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं काढलेली जीभ,
दोन्ही हात अडकले की
ओठांत स्क्रू धरून ठेवायची सवय असलेली :
तीन मिलिमीटर, चपटं डोकं,
आटे जरा झिजलेले.
मग लक्षात आलं, वड्यात स्क्रू असायचं काही कारण नाही.
मग रक्ताची चव.

नंदिताचा पहिला पगार होता.
पाचपाखाडीत नवं मालवणी हॉटेल, माडीवर एसी,
कोंबडी वडे, सोलकढी, आणि ती सारखी
"बाबा, अजून मागवू?"
मी तोंड पुसल्यासारखं केलं.
स्क्रू खिशात गेला,
दाताचा तुकडा मात्र सोलकढीबरोबर गिळला.
पोरीच्या पहिल्या पगारात
कशाला टाकायचा मिठाचा खडा,
तोही स्टीलचा.

तिला कळलं बडीशेपेपाशी.
मी हाक मारली, आणि तिच्या नावात
न, द, त,
तिन्ही दातांवरची अक्षरं,
तिन्हींतून वारा गेला.
"ठाणे" मला नीट म्हणता येत होतं. "टेबल"सुद्धा.
दात, दावा, दाद, नुकसान,
जे जे मागायचं ते नेमकं तिथंच अडत होतं.

मॅनेजर म्हणाला, गुलाबजाम घ्या, आमच्याकडून.
मग म्हणाला, स्क्रू आमचाच कशावरून?
मग म्हणाला,
काका, तुम्ही नोकरीला कुठं होतात?

नंदितानं रात्री बसून तक्रार टाइप केली.
रूट कॅनाल, कॅप, गोळ्या, रिक्षा, सगळी बिलं जोडली.
मी व्हर्नियर काढून स्क्रू मोजला.
लांबी सहा पूर्णांक दोन.
ती म्हणाली, बाबा, हे कुणी विचारलेलं नाहीये.
म्हटलं, लिही.
शेवटी एक रकाना उरला : मानसिक त्रास, रुपये.
मी म्हटलं शून्य. तिनं पन्नास हजार लिहिले.
त्यावरून दोन दिवस आमचा अबोला.

आता स्क्रू फाइलमध्ये आहे,
पारदर्शक पुडीत, टाचणी मारून. निशाणी चार.
समोरचा वकील म्हणतो, तक्रारदाराचं वय बासष्ट,
या वयात दात पडायचेच.
दाताच्या कण्या करून सांगावं म्हटलं,
तर एक कणी आधीच गिळून बसलोय.

मला सांगायचं होतं ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही.
आमच्या टूलरूममध्ये एक स्क्रू कमी भरला
तर पाळी सुटायची नाही.
घोसाळकर फोरमन चुंबक घेऊन गुडघ्यांवर,
आम्ही सगळे बाकांखाली,
घरी आमटी दोनदा गरम होऊन गार.
सापडला की तळहातावर घेऊन
प्रत्येकाला दाखवायचा, तीर्थ दिल्यासारखा.
मला एवढंच विचारायचं होतं :
तुमच्याकडं त्या रात्री कुणी मोजलं का?
किती वाजता कळलं, एक कमी आहे म्हणून?
कळलं का?

याला भरपाई म्हणतात की नाही, ठाऊक नाही.

तिसऱ्या तारखेला, आयोगाच्या जिन्यात,
हॉटेलचे कागद घेऊन एक पोरगा आलेला.
मनगटापर्यंत तेलानं पोळल्याचे डाग.
वकील पाणी प्यायला वळला तेवढ्यात म्हणाला,
"पीठ मळायच्या मशीनला आठ असतात.
मोजतो आता. रोज, बंद करताना."
आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.
नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

नंदिताला सांगितलं तर ती उसळली,
"बाबा, ही कबुली झाली! त्याला साक्षीला बोलवू!"
म्हटलं, जिन्यात गर्दी होती गं.
मला नीट ऐकू आलं नाही.

पुढची तारीख अठ्ठावीसची.
कॅप बसलीय, शेजारच्या दातांहून जरा जास्तच पांढरी.
नऊ हजार आठशे, निशाणी सात.
सकाळी आरशापुढं मी पोरीचं नाव म्हणून बघतो.
न बरा आहे. द बरा.
त अजून थोडा ढिला वाटतो,
अर्धा आटा.