सायकलच्या घंट्या काढायचा दिवस

आमच्याकडे शिक्का नसतो, चिठ्ठी नसते.
गोटी असते. काचेची, बोराएवढी.
आत खोलीत रंगवलेली पिंपं उभी,
झाकणात नळी, नळीखाली घंटी.
गोटी सोडली की टण्.
एक माणूस, एक टण्.
दोनदा वाजलं तर अख्ख्या रांगेला कळतं.

म्हणून त्या दिवशी शाळेच्या आसपास
सायकलची घंटी नको.
म्हणून आदल्या संध्याकाळी
नदीच्या या काठावरचं सगळं गाव माझ्या दुकानापुढे.
मी यांकुबा, पंक्चरवाला.
दोन स्क्रू सैल केले की घंटी हातात येते, गरम,
दिवसभराच्या उन्हानं.
सत्तेचाळीस निघाल्या या खेपेला.
दूध पावडरच्या डब्यात ठेवल्या,
मध्ये मध्ये चिंध्या घालून,
नाहीतर रात्रभर आपसात बोलत बसतात.
पैसे घेत नाही.
पाच वर्षांतून एकदा येणारं हे माझं सरकारी काम,
सरकारला ठाऊक नसलेलं.

सकाळी रांगेत उभा होतो.
वाळवंटाकडून आलेली धूळ ओठांवर,
पुढे कुणीतरी संत्रं सोलत होतं.
तेवढ्यात डेम्बो आला, बापाची सायकल दामटत,
घंटीसकट.
काय करणार? तिथंच नाण्यानं स्क्रू फिरवले,
घंटी अंगरख्याच्या खिशात टाकली,
आणि मग कळलं
मी काय खिशात टाकलंय.

मूठ आवळून उभा राहिलो.
विंचू धरावा तशी.

टण्. रांग एक पाऊल पुढे.
टण्. अजून एक.
मग तिडा सान्यांग आत गेली
आणि काहीच वाजलं नाही.

संत्र्याची साल हातातच राहिली.
मुलाला पाजणारी बाई पदर सावरायची थांबली.
दारावरचा शिपाई घड्याळाकडे,
मग दाराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.
अख्खी रांग जिवाचा कान करून उभी
आणि माझ्या मुठीत
हवा होता तोच आवाज.
अंगठा जरा हलला असता तर
म्हातारी सुटली असती,
मतदान बुडालं असतं.
मी बोटं इतकी दाबली की
घंटीच्या कडेची खूण दोन दिवस तळव्यावर होती.

टण्.

बाहेर आली. शाईचं बोट हवेत धरून,
जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.
माझ्याजवळ थांबली, हळूच म्हणाली,
"पाचही जणांना विचारलं,
माझा केमो कुठंय.
फोटोतले सगळे हसत होते.
मग जो नदीच्या बाजूला उभा होता
त्याला दिली."

केमो गेला तो उत्तरेला, वाळूतून,
पुढं होडीतून म्हणे.
जाताना सायकल माझ्याकडे टेकवून गेला,
ब्रेक आवळून ठेव म्हणाला.
आवळून ठेवलेत.

संध्याकाळी पिंपं उपडी केली.
भोकांच्या फळीवर गोट्या लावल्या, दोनशे दोनशे,
कंदील धरून पोरं वाकून बघत होती
जशी आपल्याच हरलेल्या गोट्या शोधताहेत.
त्यातली एक तिची होती.
एक माझी.
कोण जिंकलं ते रेडिओनं सांगितलं दुसऱ्या दिवशी.
काही घरांत ढोल वाजले, काहींत लवकर दिवे गेले.

आणि घंट्या परत लावायला गर्दी.
लावली की प्रत्येकजण एकदा वाजवून बघतो,
मग विनाकारण दुसऱ्यांदा,
मग मशिदीपर्यंत वाजवतच जातो.
दुपारपर्यंत कान किटले.

तिडा उशिरा आली. काही न बोलता
भिंतीशी टेकलेल्या सायकलकडे गेली.
तिची घंटी मी काढलीच नव्हती.
वाजवणार कोण?
तिनं शाईच्या बोटानं दाबली.
टण् नाही. नुसतं खर्र.

"तेल घाल," म्हणाली.

घातलं.